काचेवरचं कुंकू

१६ ऑक्टोबर १९७२, खंडेनवमी

नळ आजही कोरडा. उद्याही येणार नाही असं नळावरच्या बायका सांगतात, आणि त्यांची बातमी वर्तमानपत्रापेक्षा पक्की असते. पावसानं तोंड दाखवलं नाही, सिद्धेश्वराच्या तळ्याचा तळ दिसतोय, ज्वारीचं नाव काढू नये अशी वेळ. तरी पेठेत सण मात्र जोरात. माणसाला जेवढं कमी पडतं तेवढा तो देवाला जास्त सजवतो, असं माझं मत आहे.

सकाळी सिद्धाराम मालकांच्या रंगखान्यात पूजेला गेलो. शाळा सुटली तरी 'गुरुजी' काही सुटत नाही. नारळ फोडायला पेठ मलाच बोलावते. सूत रंगवायचे हंडे, पंप, हातगाड्या, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा घातल्या होत्या. बॉयलरचा मान सगळ्यांत मोठा. आमच्या सोजरबाईनं त्याच्या तोंडाला तेल लावून चांगला मळवट भरला. म्हातारीचं घर रंगखान्याच्या मागच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळं बॉयलर ती आपल्याच घरातला समजते.

तिथंच वाद पेटला. बॉयलरला एक उभी काच असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. सोजरबाईनं तीही लाल करून टाकली. बॉयलरवाला ईश्वर खिशातून चिंधी काढून ती पुसायला गेला. म्हातारी कडाडली, "आरं ए ईस्वऱ्या! सणाचं कुंकू पुसतूस व्हय? तुमी देव सोडले ते सोडले, आमच्या लक्ष्मीचं कपाळ कशापायी पांढरं करतूस?"

ईश्वरचं घर बौद्धवाड्यात. त्यामुळं चिंधीची गोष्ट क्षणात धर्मावर गेली. कोंडीबा बाह्या सरसावून पुढं आला. कोंडीबाचा पेठेत शब्द चालतो, पण त्याचं डोकं गरम आहे.

ईश्वर शांतपणे म्हणाला, "आजी, पुजेला माजं काय बी म्हननं न्हाय. चाकाला लावा, दाराला लावा. ही काच तेवडी सोडा. हितं पानी बगावं लागतं."

मी मध्ये पडलो. ईश्वर माझाच विद्यार्थी, हुशार होता, घरच्या अडचणीनं चौथीनंतर सुटला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "दोन दिवस थांबलास तर काय बिघडतं? आपोआप झडेल. सणासुदीला माणसांची मनं मोडू नयेत." त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग काचेकडं पाहिलं. "गुरुजी म्हनत्यात तर ऱ्हाऊ द्या," म्हणाला, आणि चिंधी खिशात घातली. मी त्याला सगळ्यांसमोर शब्द द्यायला लावला. दिला बिचाऱ्यानं. कोंडीबाही निवला. दोन्हीकडची माणसं पेढा खाऊन घरी गेली. असे प्रसंग कसे हाताळावेत हे आजकालच्या पुढाऱ्यांनी येऊन बघावं.

घरी आलो तर शालननं माझी पुस्तकं, पेन आणि चष्मासुद्धा पाटावर मांडून सगळ्यांवर कुंकू टाकलेलं. धोतराच्या सोग्यानं भिंगं पुसली आणि पेपर वाचायला बसलो. "अहो, सणाचं तरी राहू द्यायचं होतं," म्हणाली. मी म्हटलं, "मग वाचू कसं? तुझ्या कपाळातून?" हसली. बायको हसली की दिवस चांगला गेला म्हणायचं.

१७ ऑक्टोबर, दसरा

संध्याकाळी सोनं वाटत फिरलो. विहाराजवळ ईश्वर भेटला, पांढरेशुभ्र कपडे, शेजारी त्याची बायको केसरबाई पांढऱ्या लुगड्यात. त्यांचा आज धम्मदीक्षेचा दिवस. 'जय भीम' मीच आधी म्हणालो.

त्यानं मला बाजूला घेतलं. "गुरुजी, उद्या पहाटं भट्टी लावायची हाय. काचेवरलं वाळून खडखडीत झालंय. आदी जाऊन हळूच पुसू का? कुनी बगनार न्हाय."

मी त्याला समजावलं, की लपून करणं म्हणजे फसवणं. दिलेला शब्द पाळायचा असतो, शाळेत तुला हेच शिकवलं. "बरं गुरुजी," म्हणाला. संस्कार असे उपयोगी पडतात.

२० ऑक्टोबर

दोन दिवस लिहिलं नाही. आज लिहितोय.

परवा सकाळी दाढी करत होतो. फळीवरची भांडी एकदम खाली आली, आरसा गेला, आणि आवाज त्यानंतर ऐकू आल्यासारखा वाटला. बाहेर आलो तर रंगखान्याचं धुराडं जागेवर नव्हतं. बॉयलर फुटला होता. त्याचं अर्धं धूड मागची भिंत फोडून घरांच्या रांगेवर जाऊन पडलं. सोजरबाईचं घर राहिलंच नाही. ती बाहेर नळाला नंबर लावायला गेली होती म्हणून वाचली. तिचा एकुलता एक मुलगा भिमा घरात मागावर बसलेला होता.

रंगाचे हंडे फुटून रस्ताभर लाल, निळं, हिरवं वाहत होतं. माणसं त्यातून उठत होती. कुणाला रक्त लागलंय आणि कुणाला रंग, ते धुतल्याशिवाय कळेना, आणि धुवायला पाणी नव्हतं. मग बायकांनी घराघरातून प्यायचं पाणी आणलं. साठवून, झाकून, पोरांना ओरडून ठेवलेलं पाणी. एकीनंही हात आखडला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तिथंच मला रडू आलं.

सगळं सोलापूर धावलं. गिरणीतली माणसं पाळी सोडून आली. तेलुगू विणकरांच्या घरातून चादरी आल्या, ज्यांवर माणसं उचलायची. एका टांगेवाल्यानं मला अक्षरशः ढकललं, "हटो गुरुजी, बातां बाद में," आणि जखमींना घेऊन इस्पितळाकडं गेला, परत आला, परत गेला. कॉलेजची मुलं रक्त द्यायला रांगेत उभी होती.

ईश्वर पंपापाशी सापडला. केसरबाईनं त्याला पायातल्या कड्यावरून ओळखलं.

२३ ऑक्टोबर

मेलेल्यांचा आकडा रोज बदलतो. आज नागरिक समिती झाली, मला चिटणीस केलं. शाळेच्या वर्गांत बेघर कुटुंबं ठेवली आहेत. मी फळ्यावर जिथं सुविचार लिहायचो तिथं आता कुणाला कुठल्या खोलीत ठेवलंय ते लिहिलेलं आहे.

सभेत मी बोललो आणि चांगलं बोललो. सिद्धाराम मालकाला सोडायचं नाही! बॉयलर जुना, दुरुस्ती टाळलेली, खाली पाणी तपासायचे नळ असतात ते क्षारानं केव्हाच बुजलेले, असं कामगार सांगतात. माणसाच्या जिवापेक्षा दिवाळीची मागणी मोठी? टाळ्या पडल्या. कोंडीबानं मला मिठी मारली.

शालन सभेला आली नाही. शाळेत पोळ्या लाटत होती. घरी आल्यावर भाषणाचं सांगितलं, तर म्हणाली, "काचेचं काही बोललात का?" मी म्हटलं, कसली काच? ती परातीतलं पीठ झाडत राहिली. दमलीय.

२६ ऑक्टोबर

मालकाचा जबाब पेपरात आला आहे. म्हणे बॉयलरवाला ईश्वर दसऱ्याच्या रात्री दारू पिऊन तर्र होता, झोपेत भट्टी लावली, पाण्याकडं पाहिलंच नाही. संताप संताप झाला. मेलेला माणूस उलट बोलत नाही हे या लोकांना बरोबर ठाऊक असतं.

दुपारी केसरबाई आली. ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली. "गुरुजी, तुमी त्याला दसऱ्याला बगितला न्हवं? पांढरी कापडं घालून विहारात व्हता. त्येनं आविष्यात थेंब घेतला न्हाय. मला मालकाचं पैसं नगं, काय नगं. मान्सं मला बेवड्याची बायकू म्हनाया लागली. तेवडं पुसा."

मी म्हणालो, "मी साक्ष देईन. तो शुद्धीत होता हे छातीठोकपणे सांगेन."

"आन काचेचं बी सांगा. त्येनं दोनदा इचारलं तुमाला."

मी हो म्हणालो. म्हणजे, मान हलवली. तिला दुःखानं असं वाटतंय. कुंकवाच्या बोटानं का कुठं लोखंड फुटतं?

३० ऑक्टोबर

पुण्याहून बॉयलरचे इन्स्पेक्टर आले आहेत. तरुण, सावळे, कमी बोलणारे. पँटीच्या घड्या मोडतील याची पर्वा न करता ढिगाऱ्यात गुडघ्यावर बसतात. समितीतर्फे मी आणि कोंडीबा बरोबर होतो.

त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. बॉयलर आतून कोरडा पडला होता. सणाच्या सुट्टीत एका गळक्या नळातून पाणी हळूहळू गेलं असावं. तशी भट्टी पेटवली, पत्रा तापून लाल झाला. मालकाचे खालचे नळ बुजलेले, हे त्यांनी आपणहून टिपून घेतलं. "मग राहिली फक्त काच," म्हणाले. "तिच्यात रिकामं दिसलं असणार. शुद्धीतला माणूस रिकामी काच पाहून भट्टी लावत नाही."

मग त्यांना काचेचा एक जाड तुकडा सापडला. एका बाजूनं लाल, तापून भाजून घट्ट बसलेला थर. नखानं खरवडून पाहिला. "हे काय आहे?"

कोंडीबा पटकन म्हणाला, "रंगखाना हाय सायेब. हितं समदंच लाल."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला खोकला आला. खरंच आला, धूळ फार होती. खोकला थांबेपर्यंत ते पुढच्या ढिगाऱ्याकडं गेले होते.

वाटेत कोंडीबा म्हणाला, "गुरुजी, समदी पेठ सुतकात हाय. आता कुनाला उकलून काय मिळनार?" त्याचंही चूक नाही.

५ नोव्हेंबर, दिवाळी

पेठेत पणती नाही. पोरांनी फटाके मागितले नाहीत, कुणाला सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी सोजरबाई आली. शाळेतल्या खोलीत राहते, भिमाच्या बायकोला माहेरचे घेऊन गेले. उंबऱ्यात बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शालननं लाडू दिला तो तिनं तसाच हातात धरला.

"गुरुजी, एक इचारू? खरं सांगा. केसर मला बगून तोंड फिरवती. मी ते कुंकू लावलं, त्येच्यामुळं तर न्हाय न्हवं झालं? माज्या भिमाला मीच तर न्हाय न्हवं...?"

काय सांगणार? बाईचं वय झालेलं, पुढं कोणी नाही, मागं कोणी नाही. मी म्हणालो, "छे छे आजी. कुंकवानं कधी वाईट होतं का? बॉयलरच जुना होता. मालकाचं पाप." तिनं दोन्ही हातांनी माझे पाय धरले. मग तो लाडू खाल्ला. दोन दिवस जेवली नव्हती म्हणे.

मी पुण्याचंच काम केलं असं मला वाटतं. शालन आत जाऊन पडली. डोकं दुखतंय म्हणाली.

१३ नोव्हेंबर

उद्या माझी साक्ष. चौकशी कचेरीतल्या मोठ्या खोलीत चालते आणि दारं उघडी असतात. पेठ येणार, सोजरबाईही येणार. शेजारी कुणीतरी तिला काय चाललंय ते सांगत बसतं.

मनात दोन बाजू आहेत. केसरबाईला मी मान हलवली आहे. पण भरल्या खोलीत ते सांगायचं म्हणजे सोजरबाईच्या पदरात तिच्या पोराचं मरण टाकायचं. शिवाय पेठेवर बट्टा. बौद्धवाडा आणि पेठ, पुन्हा डोकी फुटतील. चार माणसांचं भलं पाहायचं की एका मेलेल्याचं? ईश्वर समंजस होता. त्यानंसुद्धा हेच म्हटलं असतं.

आणि माझं नाव? ते मी मनातही आणलेलं नाही.

१४ नोव्हेंबर

साक्ष झाली. मी एक अक्षर खोटं बोललो नाही.

पहिला प्रश्न, ईश्वर दारू प्यायचा का? मी ठणकावून सांगितलं: नाही, दसऱ्याच्या संध्याकाळी मी स्वतः त्याच्याशी बोललो, तो पूर्ण शुद्धीत होता. मालकाच्या वकिलाचं तोंड उतरलं. मागच्या बाकावर बसलेल्या केसरबाईनं डोळे मिटून घेतले.

मग इन्स्पेक्टर साहेबांनी तो काचेचा तुकडा टेबलावर ठेवला. "गुरुजी, पूजेच्या दिवशी तुम्ही तिथं होता. काच स्वच्छ होती का?"

"नव्हती. लाल झाली होती."

"कशानं?"

खोली गच्च भरली होती. मला समोर सोजरबाई दिसत होती. मी म्हणालो, "साहेब, रंगखाना आहे. तिथं काय लाल नसतं?"

यात खोटं काय आहे? काच लाल होती. रंगखाना होता. साहेबांनी एक क्षण वाट पाहिली, मग लिहून घेतलं. कोंडीबानं बाहेर माझा हात दाबला.

केसरबाई पायरीवर उभी होती. मी म्हटलं, "दारूचा डाग पुसला गं." ती म्हणाली, "व्हय गुरुजी." आणखी काही म्हणेल म्हणून थांबलो, ती पायऱ्या उतरून गेली.

१५ नोव्हेंबर

शालनशी भांडण. इतक्या वर्षांच्या संसारात ती असं बोलली नव्हती. जेवता जेवता मी म्हणालो की सगळं निभावलं, कुणाचंही मन मोडलं नाही. तिनं वाढता हात थांबवला.

"तुम्ही त्या दिवशी चष्मा पुसला होता," म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. तुम्हाला वाचायचं होतं, तुम्ही पुसलात. माझं मन नाही मोडलं."

मी ताटावरून उठलो. अन्नाचा अपमान केला हे वाईट झालं. बायकांना दोन गोष्टी एकत्र करून तिसरीच काढायची खोड असते.

११ फेब्रुवारी १९७३

अहवाल आला. मालकावर ठपका आहे: जुना बॉयलर, बुजलेले नळ. दंड होईल, विमा मिळेल, नवा बॉयलरही येईल. मी पान उलटलं.

"बॉयलर परिचर मद्याच्या अमलाखाली नव्हता असे दिसते. तथापि पाणीदर्शक काचेवर साचलेला रंगाचा थर पुसून ती स्वच्छ ठेवणे, हे त्याचे प्राथमिक कर्तव्य होते. ते त्याने निष्काळजीपणाने टाळले. दुर्घटनेचे तात्कालिक कारण हेच होय." त्याखाली साक्षीदारांत माझं नाव. श्री. रामहरी, सेवानिवृत्त मुख्याध्यापक.

पुन्हा वाचलं. भिंगं पुसून पुन्हा वाचलं. मी दारूडा पुसून त्या जागी निष्काळजी लिहून आलो. दारूड्याला निदान शुद्ध नसते.

१८ फेब्रुवारी

एस.टी.नं टेंभुर्णीला गेलो. केसरबाई माहेरी आहे, दुष्काळी कामावर खडी फोडते. रस्त्याच्या कडेला बायकांची लांब रांग, उन्हात तोंडाला पदर बांधलेल्या. मी तिला ओळखलं नाही, तिनंच हाक मारली.

"वाचा," म्हणाली. अहवालाचं तिच्या कानावर आलं होतं. मी पिशवीतून अहवाल काढला आणि उभ्या उभ्या वाचला. अशा भाषेचा तिथं काय उपयोग? मध्येच सोपं करून सांगू लागलो तर म्हणाली, "न्हाय, जसं हाय तसं वाचा."

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "रंग? रंग कुटला?"

मी कागदाची घडी घातली.

"म्हंजी त्येनं काच पुसली न्हाय, म्हनून मान्सं मेली. असंच न्हवं?"

"असं लिहिलंय."

"आन पुसली असती तर?"

शेजारच्या बाईनं मला पाणी दिलं, लोटा माझ्या हातात तसाच राहिला. मुकादम ओरडला. केसरबाईनं हातोडा उचलला आणि पुढचा दगड जवळ ओढला. ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. पण तिचं काम राहिलं होतं.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ बसलो होतो. बाहेर कुठंच हिरवं नाही. मला माझी लाज वाटली. ती मोडनिंबपर्यंत वाटली, सोलापूरपर्यंत वाटली, आणि घरी आल्यावर मी शालनला सांगितलं की ऊन लागलंय.

५ ऑक्टोबर, खंडेनवमी

यंदा पाऊस झाला. नळाला पाणी आहे.

रंगखाना पुन्हा उभा राहिला आहे, नवा बॉयलर काळाभोर चकचकीत. मालकांचं बोलावणं आलं होतं, नारळ गुरुजींच्याच हातानं फुटावा म्हणून. जायचं नव्हतं. गेलो.

तीच माणसं, तीच झेंडूची फुलं. नवा बॉयलरवाला कडेला उभा. सोजरबाई वर्षात फार वाकली आहे. ताट घेऊन तीच पुढं झाली, तिचा मान कुणी काढून घेतला नव्हता. तिनं चाकाला लावलं, दाराला लावलं. मग काचेपाशी बोट नेलं आणि तिथं ते थांबलं.

ती वळली. सगळ्यांसमोर मला विचारलं, "गुरुजी, हितं लावू का नगं?"

जो प्रश्न तिनं दिवाळीला माझ्या उंबऱ्यात विचारला होता, तोच हा होता. लाव म्हणालो असतो तर म्हातारी सुखानं घरी गेली असती. नको म्हटलं की तिला कळणार होतं. कोंडीबा माझ्याकडं पाहत होता, आणि बौद्धवाड्यातली दोन माणसं दारात उभी होती.

"नको, आजी," मी म्हणालो.

तिनं हात खाली घेतला. बोटाचं कुंकू स्वतःच्या लुगड्याला पुसलं. "म्हंजी तवा बी नगं व्हतं," ती म्हणाली.

"नको होतं. ईश्वर तेच सांगत होता. तो पुसत होता, त्याला अडवलं मी. शब्द मी घेतला. दसऱ्याला त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हाही नाही म्हणालो. कचेरीत रंग म्हणालो तोही मीच. तुमचा दोष निम्मासुद्धा नाही, आजी. पण त्याचा तर काहीच नव्हता."

सोजरबाई खाली बसली. रडली नाही, नुसती भिंतीकडं पाहत राहिली, जिच्या पलीकडं तिचं घर होतं. तिला शालननं धरून आमच्याकडं आणलं आहे, आत निजली आहे. उद्या तिचं काय होईल मला माहीत नाही. नारळ कोंडीबानं फोडला.

घरी पाटावर पुस्तकं, पेन, शालनची कात्री, सगळ्यांवर कुंकू होतं. चष्मा नव्हता. तो तिनं कोनाड्यात वेगळा ठेवला होता.

अहवाल आता बदलणार नाही, छापून झाला. तरी परवा टेंभुर्णीला जातोय. केसरबाईनं विचारलं होतं, पुसली असती तर? उत्तर मला त्या दिवशीच माहीत होतं. पुसली असती तर पेठेनं त्याला नावं ठेवली असती, मी त्याला शब्द मोडणारा म्हणालो असतो, आणि तो जिवंत असता.